गाडी शोरूमला टाकावी की भाच्याकडे?



मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्याहून शिरपूरकडे निघाले की सोनगीर मागे पडते आणि नरडाणा येते. शिंदखेडा तालुक्यातले हे गाव. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे स्टेशन आहे, एमआयडीसी आहे, आणि महामार्ग आहे म्हणून पंक्चरवाले, वेल्डिंगवाले, रेडिएटरवाले, कुशनवाले, डेंटिंग-पेंटिंगवाले आलेच. दुकानांच्या पाट्या वाचत गेले तर कितीतरी नावे आपल्या लोकांची. खानदेशात काय आणि इतरत्र काय, गाडीखाली झोपून काम करणारे हात पुष्कळदा आपल्याच मोहल्ल्यातले असतात.

अशाच एका घरात गेल्या उन्हाळ्यात आम्ही जेवायला होतो. जेवण राहिले बाजूला, वाद गाडीवरून रंगला. घरधनी एमआयडीसीत नोकरीला. सात सीटांची पेट्रोल गाडी दोन वर्षांपूर्वी कर्ज न काढता, पै-पै जमवून घेतलेली. बहिणीचा मुलगा त्याच रस्त्यावर गॅरेज चालवतो. अम्मीचे म्हणणे, घरचा मुलगा असताना धुळ्याला पैसे का ओतायचे? थोरल्या मुलाचे म्हणणे, नवी गाडी कंपनीच्याच माणसाने उघडावी. दोघांचेही थोडे थोडे बरोबर होते. पण त्या दिवशी गाडी अंगणात उभी होती, एसी बंद होता, आणि मे महिना होता. खानदेशातला मे, एवढे म्हटले तरी पुरे.

झाले होते असे. पहिल्या तीन फ्री सर्व्हिसिंग धुळ्याच्या शोरूमला झाल्या. २०,००० किलोमीटरची सर्व्हिसिंग पैसे देऊन करायची होती. शोरूमने अंदाज सांगितला ९,४०० रुपये. घरधनी तिथून तसेच परत आले. भाच्याने ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर बदलले, ब्रेक साफ केले आणि सामानाचे ३,००० रुपये घेतले. मजुरी ‘नंतर पाहू’. बिल मागितले तर हसला. ‘मामू, घरनं काम शे. बिल कसाले?’

पुढे २६,००० किलोमीटरला एसीचा कॉम्प्रेसर आवाज करू लागला आणि दोन दिवसांत बसला. वॉरंटी तीन वर्षांची, म्हणजे अजून चालू. शोरूममध्ये संगणकावर नोंद पाहिली गेली आणि उत्तर मिळाले की २०,००० ची सर्व्हिसिंग आमच्याकडे दिसत नाही, वॉरंटी लागू होणार नाही, नवा कॉम्प्रेसर पदरच्या पैशाने बसवा. घरधन्यांनी भाच्याला दोष दिला, अम्मीने शोरूमला, आणि भाचा आठवडाभर घरी फिरकला नाही. नात्यात तेढ आली ती एका कागदाच्या कपट्यावरून.

शोरूमचे ते उत्तर बरोबर होते का? वाचकांनी हे नीट समजून घ्यावे, कारण पुष्कळ घरे अशा उत्तरानंतर गप्प बसतात.

२०११ साली शमशेर कटारिया नावाच्या ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. मोटार कंपन्या आपले सुटे भाग आणि दोष तपासण्याची यंत्रे बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत, त्यामुळे ग्राहकाला शोरूमशिवाय पर्याय उरत नाही, असे तिचे सार होते. तक्रार तीन कंपन्यांविरुद्ध होती, चौकशी वाढत गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. देशातल्या मोठमोठ्या कंपन्या त्या यादीत होत्या. दंडावरून कंपन्या वरच्या न्यायाधिकरणात आणि न्यायालयांत गेल्या, वाद लांबला. पण त्या आदेशातला एक मुद्दा तुमच्या-आमच्या कामाचा आहे. गाडी बाहेरच्या गॅरेजात नेली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपनीने घालू नये, असे आयोगाने सांगितले. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल.

आता हा मुद्दा त्या कॉम्प्रेसरला लावून पाहा. इंजिनचे ऑइल कोणी बदलले याचा एसीच्या कॉम्प्रेसरशी काय संबंध? मुलाने हेच लिहिले. शोरूमशी तोंडी वाद न घालता कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल केला. त्यात गाडीचा नंबर, चॅसिस नंबर, बिघाडाची तारीख, शोरूमचे तोंडी उत्तर आणि एकच प्रश्न होता: ऑइल बदलल्याने कॉम्प्रेसर कसा बिघडला ते लेखी कळवा. तसे लेखी उत्तर आलेच नाही. एकोणीस दिवसांनी फोन आला, गाडी घेऊन या. कॉम्प्रेसर वॉरंटीत बदलून मिळाला.

यावरून कुणी असे समजू नये की चला, आता वॉरंटीतली गाडी खुशाल कुठेही टाकावी. त्या घराचे नशीब की बिघाड एसीचा निघाला. इंजिनाचा निघाला असता तर कंपनीने पहिला प्रश्न विचारला असता की ऑइल कोणते टाकले, कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला. भाच्याने योग्य ग्रेडचे, सीलबंद डब्यातले ऑइल टाकले होते. आम्ही त्याला विचारले, त्याने रिकामा डबाही दाखवला, त्यात आता तो ग्रीस ठेवतो. पण कागद? धुळ्याच्या स्पेअर पार्टवाल्याने दिलेली चिठ्ठी त्याने कधीच फेकून दिली होती. प्रामाणिक काम झाले होते आणि त्याचा पुरावा शून्य.

म्हणून आमचे मत स्पष्ट सांगतो. वॉरंटी चालू आहे तोवर ठरलेल्या किलोमीटरची सर्व्हिसिंग शोरूमलाच करावी. आयोगाचा आदेश काहीही म्हणो, वॉरंटीच्या पुस्तिकेत अधिकृत वर्कशॉपची अट असते आणि भांडण झाले तर पत्रे लिहीत बसायचे काम आपल्यालाच करावे लागते. काही कंपन्यांनी वॉरंटीची मुदत वाढवली आहे. मारुती सुझुकीने जुलै २०२४ मध्ये ती दोन वर्षे किंवा ४०,००० किलोमीटरवरून तीन वर्षे किंवा १,००,००० किलोमीटर केली. यातले जे आधी पूर्ण होईल ते धरतात. तुमच्या गाडीची मुदत पुस्तिकेत पाहून घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पण शोरूमला जायचे म्हणजे ९,४०० रुपये मुकाट्याने द्यायचे असे नाही. तो अंदाजाचा कागद आम्ही मागून घेतला आणि पेन्सिल घेऊन बसलो. ऑइल, दोन फिल्टर, मजुरी आणि कर मिळून साधारण ५,६०० होत होते. बाकीची रक्कम इंजिनची आतून सफाई, एसीचे निर्जंतुकीकरण, गाडीच्या पोटाला रंगासारखा लेप आणि आतल्या सीटांची धुलाई यांची होती. यातले एकही काम गाडीच्या पुस्तिकेत २०,००० किलोमीटरच्या तक्त्यात नव्हते. शोरूममध्ये बोलणारा गोड माणूस सल्लागार म्हणवतो. त्याला विक्रीचे लक्ष्यही दिलेले असू शकते, हे ध्यानात ठेवावे. त्याच्यासमोर पुस्तिकेचे ते पान उघडायचे आणि म्हणायचे, यात आहे तेवढेच करा, जॉब कार्डावर तेवढेच लिहा, जास्तीचे काही निघाले तर आधी फोन करा. हे सांगायला इंग्रजी लागत नाही. आमच्या ओळखीच्या एक आपा दरवेळी असेच करतात आणि चहा पिऊन येतात.

बिलावर कर किती लावला तेही पाहावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सर्व सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे. पूर्वी अनेक भागांवर २८ टक्के होता. मजुरीवर १८ टक्के आधीपासूनच आहे.

शोरूमला जाण्याचे आणखी एक कारण असते, ते गाडी दहा वर्षांची झाली तरी संपत नाही. कधी कधी कंपनीला आपल्याच गाड्यांत दोष सापडतो आणि ती गाड्या परत बोलावते. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीने एर्टिगा, सियाझ, ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल-६ या मॉडेलच्या १,८१,७५४ पेट्रोल गाड्या अशाच बोलावल्या होत्या. दुरुस्ती फुकट, पण अधिकृत वर्कशॉपमध्येच. जुनी गाडी विकत घेणाऱ्याला याचा पत्ता नसतो, कारण कंपनीकडे पत्ता आणि फोन पहिल्या मालकाचा. चॅसिस नंबर देऊन कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा कुठल्याही शोरूमला विचारता येते. एअरबॅग, एबीएस, स्टीअरिंगची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, संगणकाचे सॉफ्टवेअर ही कामेही आम्ही तिकडचीच समजतो.

मग भाच्याच्या वाट्याला काय? पुष्कळ काही. ब्रेक पॅड, वायपर, टायर, बल्ब हा झिजणारा माल वॉरंटीत येतच नाही. तो त्याच्याकडून बदलावा. आपल्याकडची धूळ पाहता एअर फिल्टर १०,००० किलोमीटरची वाट न पाहता मधेच एकदा काढून झटकून घ्यावा. कापसाच्या दिवसांत शेतरस्त्याने फिरणाऱ्यांनी तर नक्कीच. शोरूमपर्यंत जायचे म्हणजे एक दिवसाची रजा, जाण्या-येण्याचे पेट्रोल, आणि गाडी संध्याकाळी मिळेल म्हणून दिवसभर तिथल्या खुर्चीवर. एवढ्यासाठी तो खटाटोप कोण करणार?

आणि वॉरंटी संपली की तराजू आणखी त्याच्याकडे झुकतो. क्लच, सस्पेन्शन, रेडिएटर, वायरिंग यांत चांगला मिस्त्री कुणाला हार जात नाही. शोरूममध्ये पुष्कळदा अख्खा जोड बदलतात. मिस्त्री त्यातला ४०० रुपयांचा बुश बदलून गाडी रस्त्यावर आणतो. शेजारच्या घरी लग्नाच्या भाड्याला जाणारी टवेरा आहे. ती बनवणाऱ्या जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणेच बंद केले. त्या टवेराला जिवंत कोणी ठेवले? नरडाण्याच्या आणि शिरपूरच्या मिस्त्र्यांनी. तिच्या मालकाला आमचा सगळा वाद ऐकून हसू आले.

विम्याचे मात्र आधी विचारून घ्यावे. अपघातानंतर रोख न भरता काम करून हवे असेल तर गॅरेज विमा कंपनीच्या यादीत असावे लागते. यादीत नसलेल्या गॅरेजात काम करता येते, पण पैसे आधी आपण भरायचे आणि मागून मागायचे. दोन्ही बाबतींत सर्व्हेअरने गाडी पाहण्याआधी एक नटही खोलू देऊ नये.

आता भाच्याशी आमचे जे बोलणे झाले ते सांगतो, कारण आम्हाला शोरूमपेक्षा त्याचीच काळजी अधिक वाटते. आठवीनंतर शाळा सुटली, धुळ्यात एका उस्तादकडे सहा वर्षे काम शिकला. हात उत्तम. इंजिनचा आवाज ऐकून दोष सांगतो. पण एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्या गाड्या आल्या, त्यांत सेन्सरची गर्दी. कानाने ऐकून सगळे कळत नाही. स्टीअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडून चुकीचा कोड वाचावा लागतो. तो स्कॅनर त्याच्याकडे नाही. अशी गाडी आली की तो शिरपूरच्या मित्राला बोलावतो आणि मजुरी अर्धी वाटून घेतो. हे तो गिऱ्हाइकाला आधी सांगतो, अल्हम्दुलिल्लाह. न सांगता अंदाजाने तारा कापणारेही आम्ही पाहिले आहेत.

त्याच्या धाकट्या भावाने यंदा दहावी दिली आहे. तोही गॅरेजात बसणार म्हणतो. आम्ही म्हटले, बसू दे, पण आधी आयटीआयला जाऊ दे. मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, मेकॅनिक डिझेल एक वर्षाचा. मग हाताला उस्तादही आणि कागदही. थोरल्याला दहावीची अट आडवी येते, पण अनुभवी कारागिराच्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारच्या कौशल्य योजनेत आहे. त्याची चौकशी तो करतो म्हणाला. बघू.

बिलाबद्दल विचारले तेव्हा त्याने जे सांगितले ते ऐकून घरधनी गप्प झाले. ‘बिल केलं की मजुरीचा आकडा लिहावा लागतो. नात्यातली माणसं आकडा पाहिला की नाराज होतात. शोरूमला मजुरीचे दोन हजार कुणी कमी करून घेत नाही. माझे आठशे सगळ्यांना जास्त वाटतात.’

वाचकहो, हे खरे आहे. काचेच्या दाराआड आपण कार्ड काढून देतो आणि मोहल्ल्यातल्या मिस्त्रीशी पन्नास रुपयांवरून घासाघीस करतो. मजुराची उजरत वेळेवर देण्याबद्दलची हदीस बयानात ऐकतो, बाहेर येतो आणि भाच्याला ‘नंतर पाहू’ म्हणतो. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितले आहे, रक्कम लहान असो की मोठी, कंटाळा न करता. हातोहात चुकत्या होणाऱ्या रोखीच्या सौद्याला तिथे सूट आहे. पण भाच्याची मजुरी रोख कुठे होती? ती उधारच होती. म्हणजे घरचे काम म्हणून बिल नको म्हणणे त्या घराला दोन्ही बाजूंनी जमत नव्हते.

कारागिराची बाजूही आहेच. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढणारे प्रेषित मुहम्मद (स.) यांचा प्रसंग आपल्या मुलांनाही पाठ असतो. जुना फिल्टर पुसून परत बसवणे, ड्रममधले सुटे ऑइल नामांकित कंपनीच्या डब्यातून ओतणे, लोकल भाग ओरिजिनल म्हणून लावणे हा सगळा त्या ढिगातला ओला दाणा आहे. गिऱ्हाईक आपल्या जमातीचे असो की नसो. लोकल भाग लावायला हरकत नाही, तो लोकल आहे असे सांगून लावावा आणि तसेच लिहावे.

म्हणून गाडी कुठेही टाका, ऑइलचा डबा समोर उघडायला सांगा, काढलेला जुना भाग परत मागा, आणि बिल घ्या. बिलावर तारीख, गाडीचा नंबर, किलोमीटर, भागाचे नाव, ऑइलची ग्रेड, मजुरी आणि सही असली की झाले. सेवा देणाऱ्या लहान गॅरेजवाल्याची वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा सक्तीची नसते. नोंदणी नसेल तर त्याने साधे बिल द्यावे आणि त्यात कर लावू नये. बिल द्यायला नकार देणे ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापार प्रथा आहे; शोरूमला जो नियम तोच टपरीला. तक्रार असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तिथे मिटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ नावाचे पोर्टलही सुरू केले आहे. मोटारींसाठी कंपन्यांच्या सर्व्हिसची, वॉरंटीची माहिती तिथे एकत्र मिळावी हा उद्देश. ज्याला इंग्रजी वाचता येते अशा घरातल्या मुलाला बसवून एकदा पाहायला हरकत नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी आम्ही पुन्हा नरडाण्याला गेलो. एसी चालू होता. पुढचे ब्रेक पॅड झिजले होते, गाडी भाच्याच्या गॅरेजात उभी होती. त्याने बाजारातून छापील बिलबुक आणले होते, वर गॅरेजच्या नावाचा शिक्का. बिल क्रमांक १ घरच्याच गाडीचे. ‘ब्रेक पेड पुढचे, १ सेट, लोकल नाही’ असे त्याने लिहिले होते आणि खाली मजुरी ३५०. मामींनी ५०० ची नोट दिली. तो सुटे शोधू लागला तेव्हा मामू म्हणाले, राहू दे, मागची मजुरी बाकी आहे ना, तिचेही लिही. त्याने पान उलटले, कार्बन सरकवला आणि बिल क्रमांक २ लिहायला घेतले.